छोट्या घरात क्राफ्टची जागा, तीही कमी पैशात: सारखे येणारे प्रश्न

या विषयावर मला इतके मेसेज येतात की आता एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. आमचं घर डोंबिवलीत, वन बीएचके, कार्पेट ३८० स्क्वेअर फूट, माणसं पाच. मी शिवते, जुन्या साड्यांच्या गोधड्या करते, क्रोशे करते आणि राखी-दिवाळीला थोडं कागदकाम. वेगळी क्राफ्टरूम माझ्याकडे कधीच नव्हती आणि पुढेही होईलसं दिसत नाही, तेव्हा खालचं सगळं त्याच हिशोबाने वाचा. प्रश्नांना नंबर दिलेत कारण बऱ्याच ठिकाणी एका उत्तरातून दुसरीकडे पाठवलंय.

१. घरात पाय ठेवायला जागा नाही, क्राफ्टसाठी जागा काढू कुठून?

जागा निघणार नाहीये, हे आधी मान्य करून टाका. मी दोन वर्षं जागा शोधण्यात घालवली, कपाट इकडे सरकव, दिवाण तिकडे फिरव, आणि मग एक दिवस लक्षात आलं की मला सामान काढायला पंधरा मिनिटं लागतायत, परत ठेवायला वीस, आणि दुपारी हातात असतो जेमतेम एक तास. म्हणजे खरी ओढाताण वेळेची होती. म्हणून माझं आता एकच मोजमाप आहे, काम मांडायला पाच मिनिटं आणि आवरायला पाच मिनिटं. मोबाईलवर टायमर लावून बघा तुमचे किती होतात.

मग दोन गोष्टी वेगळ्या करा. काम करायची जागा सगळ्यांची असली तरी चालते, जेवणाचं टेबल, दिवाण, सरळ जमिनीवर चटई. सामान ठेवायची जागा मात्र फक्त तुमची हवी, एकच कप्पा का असेना, आणि ती काम करता तिथून चार पावलांत हवी. माझी जागा म्हणजे बेडरूमच्या दाराची मागची बाजू, कपाटातला एक कप्पा आणि दिवाणाखालचे दोन खोके. बस्स. गॅलरीचा मोह टाळा, का ते प्रश्न १२ मध्ये.

२. सुरुवातीला किती पैसे लागतील? आधी काय घेऊ?

पहिल्या महिन्यात काहीच घेऊ नका, खरंच सांगते. आधी प्रश्न ३ करा. त्यानंतर मी तीन वस्तू घेतल्या होत्या, दाराला लटकवायचा कप्प्यांचा चपलांचा ऑर्गनायझर, झाकणाचा एक पारदर्शक मोठा डबा आणि टेबलाला चिमट्याने लागणारा दिवा. सगळं मिळून तेव्हा अकराशेच्या आसपास गेले. तो चपलांचा ऑर्गनायझर ही माझ्या मते छोट्या घरातली सगळ्यात कामाची वस्तू आहे, वीस-चोवीस कप्पे असतात, जमीन अडत नाही आणि दार उघडं असलं की तो भिंतीकडे जातो, पाहुण्यांना दिसतसुद्धा नाही. पारदर्शक कप्प्यांचा घ्या. जड काही भरू नका, नाहीतर दाराची बिजागरी कुरकुरायला लागते.

काय घेऊ नका तेही सांगते. ती चाकांची तीन मजली ट्रॉली, जी सगळ्या फोटोंत असते. दिसते गोड, पण जमिनीचा दीड फूट खाते, आणि आपल्या घरात जमीनच तर सगळ्यात महाग. माझी आता कांदे-बटाटे सांभाळते.

३. आधी सामान कमी करू की आधी डबे आणू?

आधी सामान. डबे आधी आणले की आपण डब्यांत पसारा भरतो, फक्त तो आता झाकणाखाली असतो.

एका रविवारी सगळं एका चादरीवर ओता. सगळं म्हणजे सगळं, देवघराखालची लेस, फ्रिजवरचं फेव्हिकॉल, पर्समधली क्रोशेची सुई. मग ढीग करताना "कापड", "कागद" असे करू नका, कामाप्रमाणे करा. फॉल-बिडिंगला लागतं ते एकत्र, म्हणजे सुई, फॉलचे दोरे, टाचण्या, छोटी कात्री एकाच डब्यात. राख्यांचं एकत्र. कारण काम करताना आपण "आज कागद करूया" म्हणत नाही, "आज चार राख्या करूया" म्हणतो. यासाठी कात्री किंवा टेपसारखी एखादी वस्तू दोनदा घ्यावी लागली तर घ्या, ते पैसे वसूल होतात.

टाकायचं काय? वाळलेले रंग, सुकलेला गोंद, गंजलेल्या टाचण्या, आणि हाताने ओढल्यावर पटकन तुटणारा जुना दोरा, कितीही जीव अडकला असला तरी, कारण असा दोरा मशीनवर दर दोन मिनिटांनी तुटतो आणि आपण मशीनला शिव्या घालतो. चिंध्यांचं वेगळं लिहिलंय, प्रश्न ७.

४. महागडे ऑर्गनायझर परवडत नाहीत, घरातलंच काय वापरू?

स्वयंपाकघरात जा आणि डोळे उघडे ठेवा. जुना मिसळणाचा डबा, सात वाट्यांचा, मण्यांसाठी आणि टिकल्यांसाठी त्याच्याइतकं चांगलं काही नाही, वाट्या उचलून टेबलावर ठेवता येतात आणि सांडलं तर बाहेरच्या डब्यातच सांडतं. श्रीखंडाचे डबे एकावर एक नीट बसतात, फक्त एकाच मापाचे जमवा, पाव किलो आणि अर्धा किलो मिसळले की मनोरा कोसळतो. दिवाळीच्या मिठाईचे खोके खणात आडवे ठेवून कप्पे करायला. बिस्किटांचा गोल पत्र्याचा डबा तर आपल्याकडे जन्मतःच सुई-दोऱ्याचा असतो, त्यात बिस्किटं सापडली तर आश्चर्य. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्यांवर लेस गुंडाळा. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्यांत लोक खडे ठेवतात, मला ते जमलं नाही, उलटं झालं की गेलं.

दोन अपवाद. ज्या डब्यात एकदा रेझिन (साच्यात ओतलं की घट्ट होणारं केमिकल), वॉर्निश, स्प्रेचा रंग गेला तो परत स्वयंपाकघरात आणायचा नाही, त्यावर पर्मनंट मार्करने मोठी फुली मारा. आणि कुरिअरचे पुठ्ठ्याचे खोके कायमचे वापरू नका, त्या नागमोडी थरांत झुरळं घर करतात, पावसाळ्यात तर नक्कीच.

५. डब्यांना लेबल लावायची गरज आहे का? मला माहीत असतं काय कुठे आहे.

तुम्हाला असतं. ज्या दिवशी तुम्ही आजारी पडता आणि मुलीला शाळेसाठी केशरी क्रेप पेपर हवा असतो त्या दिवशी कळतं. कागदाची पट्टी आणि चिकटपट्टी पुरते, लेबल प्रिंटर नको. डब्याच्या झाकणावर लावू नका, पुढच्या बाजूला लावा, कारण डबे एकावर एक असतात.

६. फोल्डिंग टेबल बनवून घ्यायचंय, सुताराला नेमकं काय सांगू?

भिंतीला लागणारं, वर उचललं की टेबल आणि सोडलं की भिंतीला चिकटणारं, हे सांगा. प्लायचा अख्खा तक्ता ८ बाय ४ फुटांचा येतो, तुम्हाला ४ बाय २ चा तुकडा पुरतो, म्हणजे चौथा भाग. प्लायच्या दुकानात उरलेले तुकडे कोपऱ्यात उभे असतात, विचारा, ते स्वस्तात देतात, मी माझा तसाच आणला. १८ एमएमचा घ्या, तो तुकडा साधारण आठ-नऊ किलोचा होतो, १२ चा घेतला तर मशीन चालताना थरथरतो. लोखंडी फोल्डिंग ब्रॅकेटची जोडी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तिच्यावर किती वजनाचं लिहिलंय ते वाचा आणि टेबल, मशीन, तुमचे टेकलेले कोपर असं सगळं धरा.

उंचीचा घोळ सगळेच करतात. बसून शिवायला जमिनीपासून २८ ते ३० इंच, उभं राहून कापड बेतायला ३४ ते ३६ इंच. दोन्ही एका टेबलावर होत नाही. मी टेबल २९ ला लावलं आणि बेतायला स्वयंपाकघराचा ओटा वापरते, दुपारी तीनला, पुसून, वर जाड प्लास्टिक टाकून.

आणि भिंत कसली आहे ते आधी बघा. जुन्या बिल्डिंगची विटांची भिंत असेल तर साधा प्लग आणि स्क्रू धरतो. नव्या बिल्डिंगमध्ये हलक्या सिपोरेक्सच्या ब्लॉकची भिंत असेल तर साधा प्लग काही दिवसांनी भसकन बाहेर येतो, त्यासाठी वेगळे फास्टनर असतात, दुकानदाराला "सिपोरेक्सची भिंत आहे" असं स्पष्ट सांगा. मायव्हानच्या, म्हणजे साच्यात ओतून केलेल्या, काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिलशिवाय भोक पडत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ बाजूला ड्रिल मारू नका, वायर तिथूनच गेलेली असते. भाड्याचं घर असेल तर प्रश्न १०.

७. कापडं आणि कटपीस कसे ठेवू? चिंध्यांचं काय करू?

आडव्या थप्पीत ठेवलेलं कापड म्हणजे हरवलेलं कापड, वरची तीन सोडून आपण कधीच काही काढत नाही. पुठ्ठ्याचे एकाच मापाचे तुकडे कापा, साधारण ए-फोर कागदाएवढे, त्यावर कापड गुंडाळा, टोकाला टाचणी लावा आणि पुस्तकांसारखं उभं ठेवा. टाचणीला चिठ्ठी, किती मीटर आणि किती पन्ना, म्हणजे रुंदी. पन्ना लिहाच, ३६ आणि ४४ इंचांचा फरक नुसत्या डोळ्यांना कळत नाही आणि मग बाही बसत नाही.

चिंध्यांचा माझा नियम असा. तळहाताएवढा किंवा मोठा तुकडा गोधडीच्या पिशवीत. त्याहून लहान पण लांब असेल तर पायपुसण्याच्या पिशवीत. बाकी सगळं एका जुन्या उशीच्या अभ्र्यात, भरला की तीच उशी, बसायला जमिनीवर टाकायची. पिशव्या दोनच आणि त्यांचं माप ठरलेलं, पिशवी भरली की नवीन पिशवी आणायची नाही, गोधडी शिवायला घ्यायची. गोधडीच्या साड्या मात्र कापून ठेवू नका, अख्ख्या धुऊन घडी करून ठेवा, कापल्या की त्यांचे धागे सुटतात आणि जागाही जास्त खातात.

८. लोकरीचे गुंडे सगळीकडे लोळतात, काय करू?

एक चालू काम म्हणजे एक कापडी पिशवी, त्यात गुंडे, सुई आणि किती टाके झाले त्याची चिठ्ठी. उरलेले गुंडे चपलांच्या ऑर्गनायझरमध्ये. सुया वेगळ्या ठेवाल तर नंबर चुकतो, अर्ध्या कामात ३ एमएमऐवजी ३.५ लागली की विणीवर लगेच दिसतं. अस्सल लोकर असेल तर प्रश्न १३ वाचल्याशिवाय ठेवू नका.

९. कागद, कार्डशीट वाकतात, कोपरे मुडपतात. उभे ठेवू की आडवे?

कार्डशीट आडवे, वर सपाट वजन. ए-फोरचे कागद उभे चालतात पण घट्ट भरलेल्या फाइलमध्ये, सैल राहिले की कमरेत वाकतात. मोठे चार्टपेपर गुंडाळून कपाटाच्या मागे उभे करायची सवय आपल्याला असते, त्यापेक्षा गादीखाली, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट. हसू नका, पाच वर्षं चाललंय.

१०. भाड्याचं घर आहे, मालक एक खिळासुद्धा ठोकू देत नाही.

आम्हीही सहा वर्षं भाड्यानेच राहिलो. भिंतीला न लागणाऱ्या चार गोष्टी: दारावर लटकणारं सगळं, कपाटाच्या दोन फळ्यांमध्ये किंवा खिडकीच्या चौकटीत स्प्रिंगने अडकून बसणारा रॉड आणि त्याला एस आकाराचे हुक, लोखंडी कपाटाच्या बाजूला लोहचुंबकाचे हुक (गोदरेजसारखं पत्र्याचं कपाट असेल तर त्याची अख्खी बाजू म्हणजे फुकटची भिंत आहे), आणि टेकवून उभी करायची जाळी, किराणा दुकानात वेफर्सची पाकिटं लटकवतात ना तसली.

चिकटवायचे हुक? टाइल्स आणि काचेवर चांगले. डिस्टेंपर मारलेल्या भिंतीवर हुकासकट रंगाचा पापुद्रा निघतो आणि डिपॉझिटमधून कापला जातो, आमचा कापला गेलाय. टेबलाचं म्हणाल तर भाड्याच्या घरात प्रश्न ६ चं टेबल विसरा, पाय दुमडणारं लग्नाच्या हॉलसारखं टेबल घ्या किंवा इस्त्रीचं टेबल, त्यावर दोन बाय दीडचा प्लायचा तुकडा ठेवला की हातकामाला उत्तम. मशीन मात्र त्यावर ठेवू नका, डगमगतं.

११. शिलाई मशीन रोज काढा-ठेवा जिवावर येतं.

येणारच. घरगुती इलेक्ट्रिक मशीन पाच ते सात किलोंचं असतं, ते माळ्यावर ठेवलं तर तुम्ही ते फक्त दिवाळीला काढाल. मशीनची जागा कमरेच्या उंचीवर हवी, कपाटाचा मधला कप्पा किंवा टेबलाचीच कडा, सरकवून बाहेर काढता आलं पाहिजे. पायाचं पेडल आणि वायर मशीनच्या खालीच, वेगळ्या पिशवीत गेली की शोधाशोध सुरू. झाकण नसेल तर जुन्या उशीच्या अभ्र्याचं शिवा, धुळीने तेल घट्ट होतं आणि मशीन जड चालतं.

ज्यांच्याकडे आईचं, आजीचं लोखंडी पायांचं पायमशीन आहे त्यांचा प्रश्न वेगळा. ते हलत नाही, म्हणून त्यालाच फर्निचर करा. खिडकीपाशी कायमचं ठेवा, डोकं आत दुमडणारं असेल तर वर टेबल मिळालंच, आमच्या शेजारणीचा मुलगा त्यावर अभ्यास करतो आणि पाय हलवत बसतो. जागा नाही म्हणून भंगारात देऊ नका एवढीच विनंती, जाड कापडावर आणि गोधडीवर ते जे चालतं तसं माझं नवं मशीन चालत नाही.

१२. पावसाळ्यात सगळ्याला वास येतो, कागद मऊ पडतो, टाचण्या गंजतात. उपाय?

कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात हा प्रश्न जून ते सप्टेंबर असतोच, त्याला इलाज नाही, फक्त बचाव आहे. बाहेरच्या भिंतीला आणि बाथरूमच्या भिंतीला चिकटवून काही ठेवू नका, मध्ये दोन बोटं जागा सोडा. दिवाणाखालचे डबे थेट फरशीवर नकोत, खाली लाकडी पट्ट्या. कागद, ग्लिटर, टाचण्या घट्ट झाकणाच्या डब्यात आणि आत सिलिका जेल. बुटांच्या खोक्यातली ती एवढीशी पुडी मोठ्या डब्याला पुरत नाही, केमिकलच्या दुकानात सुटी मिळते, रंगावरून कळतं ओल किती शोषली ते, गरम करून वाळवली की परत चालते. पण जेवणाच्या भांड्यात गरम करू नका आणि मुलांच्या हाताला लागू देऊ नका.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळं कापड उन्हात घाला आणि उन्हातून काढल्या काढल्या बंद करू नका, गार होऊ द्या. गॅलरीत ठेवू नका म्हटलं ते यासाठीच, चार महिने पाऊस आणि आठ महिने ऊन, उन्हाने दोरा कुजतो आणि रंग उडतो. माझं हिरवं खणाचं कापड घडीच्या कडेवर पिवळं झालं ते गॅलरीतच.

१३. कसर लागते. डांबराच्या गोळ्या टाकू का?

कसर अस्सल लोकर आणि रेशीम आवडीने खाते, कागदाला आणि खळ असलेल्या सुतीलाही लागते. अॅक्रिलिकच्या गुंड्यांना सहसा काही होत नाही, आणि बाजारात आपण "लोकर" म्हणून आणतो ती बहुतेक अॅक्रिलिकच असते, त्यामुळे निम्म्या लोकांनी काळजी सोडायला हरकत नाही.

डांबराच्या गोळ्या मी बंद केल्या. घरात तान्हं बाळ असेल तर अजिबात नकोत, जी६पीडी या रक्तातल्या एन्झाइमची कमतरता असलेल्या बाळांना डांबर गोळीतल्या नॅप्थलिनने रक्ताचा गंभीर त्रास होऊ शकतो, आणि दुपटी-टोपरी शिवणाऱ्यांनी तर तयार माल त्या वासात ठेवूच नये. शिवाय काही प्लास्टिकची बटणं, मणी त्याने चिकट होतात. वापरायच्याच असतील तर कापूर आणि डांबर गोळी एकत्र नको. मी कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडी पुरचुंडीत ठेवते, दर दोन-तीन महिन्यांनी बदलते, पण खरा उपाय म्हणजे महिन्यातून एकदा सगळं हलवणं, कसर अंधारात आणि न हलणाऱ्या घडीत वाढते. अस्सल लोकरीला लागलीच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीजरमध्ये ठेवा. घरच्यांना आधी सांगा, आमच्याकडे सासूबाईंनी ती पिशवी मटार म्हणून बाहेर काढली होती.

१४. लाइट कसला लावू? रात्रीच वेळ मिळतो.

छतावरच्या ट्यूबला पाठ करून बसलात तर स्वतःचीच सावली कामावर पडते, म्हणून बाजूने येणारा दिवा. उजव्या हाताने काम करत असाल तर डावीकडून. ९ वॉटचा एलईडी बास, खोक्यावर ४००० के असा आकडा शोधा, ६५०० के चा निळसर असतो. सीआरआय ९० च्या वर मिळाला तर दोन पैसे जास्त द्या, त्यात रंग खरे दिसतात. तरी मॅचिंग दोरा रात्री ठरवूच नका, मी एकदा काळा समजून नेव्ही ब्लूने अख्खा ब्लाउज शिवलाय.

१५. एकाच एक्स्टेंशनवर मशीन, इस्त्री, ग्लू गन चालेल का?

मशीन, दिवा आणि छोटी ग्लू गन चालते, त्यांना वीज फारशी लागत नाही. इस्त्री वेगळी, थेट भिंतीच्या प्लगला. १००० वॉटची इस्त्री साधारण साडेचार अॅम्पिअर खेचते, म्हणजे ६ अॅम्पिअरचं बोर्ड जवळपास तिनेच भरलं. रंग सुकवायची मोठी हीट गन १५०० ते २००० वॉटची असते, ती गीझरच्या किंवा फ्रिजच्या मोठ्या सॉकेटलाच. ग्लू गन गरम असताना आडवी ठेवू नका, खाली जुनी टाइल ठेवा, आणि मुलांचं पुढच्या प्रश्नात.

१६. घरात लहान मूल आहे, सुया-मणी कसे सांभाळू?

रांगणारं मूल असेल तर क्राफ्ट जमिनीवर करायचं नाही, तेवढं एक वर्ष टेबलच. टाचण्या मोजून घ्या आणि मोजून ठेवा, वीस म्हणजे वीस. काम संपलं की लोहचुंबक जमिनीवरून फिरवा, जुन्या स्पीकरमधला निघतो. लुकलुकणाऱ्या राख्यांमधले बटणासारखे छोटे सेल आणि छोटी शक्तिशाली लोहचुंबकं कुलुपात. गिळली तर पोटात मोठी इजा होते, अशा वेळी वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा. चपलांच्या ऑर्गनायझरच्या खालच्या दोन रांगांत फक्त मऊ सामान, आणि एक कप्पा मुलाच्या नावाचा, त्यात रंगीत चिंध्या आणि बोथट कात्री, म्हणजे तो तुमच्या कप्प्यांकडे कमी जातो. कमी म्हटलंय.

१७. रेझिन करायचंय, वन बीएचकेमध्ये जमेल?

मला हा प्रश्न आठवड्याला एकदा येतो आणि माझं उत्तर लोकांना आवडत नाही. हॉल आणि बेडरूमच असेल, खिडकी एकाच बाजूला असेल, घरात लहान मूल किंवा दम्याचं माणूस असेल, तर नको. ओतलेलं रेझिन घट्ट व्हायला बऱ्याचदा चोवीस तास लागतात आणि तोवर ते धूळ, केस, मांजर यांच्यापासून सांभाळत एका सपाट जागी ठेवावं लागतं, म्हणजे पाच मिनिटांत आवरायचा विषयच संपला. कच्चं एपॉक्सी, म्हणजे अजून घट्ट न झालेलं रेझिन, हाताला सारखं लागलं तर कायमची अॅलर्जी बसू शकते. हातमोजे नायट्रिलचे हवेत, आणि एन९५ मास्क धूळ अडवतो, वाफ अडवत नाही. दमट हवेत वर चिकट, पांढुरका थर येतो तो वेगळाच, म्हणून जुलैमध्ये केलेले कोस्टर बिघडतात.

करायचंच असेल तर समोरासमोर हवा खेळणारी जागा आणि ऑक्टोबरनंतरचे दिवस. स्वयंपाकघरात कधीच नाही. स्प्रेच्या रंगालाही हेच लागू, फक्त तो गच्चीवर खोक्याच्या आत धरून मारता येतो, सोसायटीला आधी विचारून.

१८. मुंबई-पुण्यात स्वस्तात सामान कुठे घेऊ?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट कागद, स्टेशनरी आणि क्राफ्टच्या सामानासाठी, लेस आणि मण्यांना भुलेश्वर, कापडाला मंगलदास मार्केट. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी म्हणजे आपलं माहेर, कागदाला अप्पा बळवंत चौक, आणि जुने पत्र्याचे डबे, लाकडी खण, हुक हवे असतील तर बुधवारी-रविवारी जुना बाजार. नागपूरकरांना इतवारी. उत्तर गोव्यात म्हापशाचा शुक्रवारचा बाजार.

पण होलसेलचा एक सापळा आहे. तिथे लेस अख्खं बंडल, मणी अर्धा किलो, स्वस्त वाटतं आणि मग तेच घरात जागा अडवतं. दोघी-तिघी मिळून जा आणि तिथेच फुटपाथवर वाटून घ्या. मी आता घरून निघताना डबा रिकामा करून नेते, डब्यात मावेल तेवढंच आणायचं.

१९. अर्धवट कामं साठलीयत, ती कुठे ठेवू?

तीन पिशव्या, तीन हुक. चौथं काम सुरू करायचं तर एक पूर्ण करा किंवा उसवून सामान परत डब्यात टाका. वर्षभर हात न लागलेला स्वेटर ज्याच्यासाठी होता तो मुलगा आता मोठा झालाय, उसवा.

२०. आमची वन आरके आहे, माणसं सहा. वरचं काहीच लागू होत नाही!

होतं, पण लहान करून. तुम्हाला जागा नव्हे, पेटी हवी. जुनी पत्र्याची ट्रंक किंवा प्रवासी बॅग, त्यात एकाच कलेचं सामान, झाकणाच्या आत कात्री-पट्टी अडकवायला इलॅस्टिक शिवा. ट्रंकच बसायचं स्टूल. आणि मशीनकाम, बेतणं जमत नसेल तर काही वर्षं हाताची कामं धरा, क्रोशे, कर्नाटकी कशिदा, कांथा, हातगोधडी, ज्यांना मांडी पुरते. चाळीतल्या बायकांनी पॅसेजमध्ये बसून आयुष्यभर हेच केलंय.

२१. ऑर्डरी घेते. राखी-दिवाळीला घराचं गोडाउन होतं, घरचे वैतागतात.

घरच्यांचं चुकत नाही हो. तारीख सांगा, "अमुक तारखेपर्यंत हॉलचा हा कोपरा माझा", आणि त्या तारखेला खरंच मोकळा करा, पुढच्या वर्षी कोणी काही बोलत नाही. पॅकिंगचं सामान सगळ्यात जास्त जागा खातं, बबल रॅप आणि खोके, म्हणून चपटे येणारे, घडी घालून उभे करायचे खोके घ्या आणि एका वेळी आठवड्यापुरतेच. तयार माल आणि कच्चा माल एकाच खोक्यात नको. तयार माल कपाटाच्या वर, बाहेर तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव.

२२. माझी कापडाची कात्री घरात कोणीही दुधाची पिशवी कापायला नेतं. काय करू?

सांगून, ओरडून, "फक्त कापड" अशी चिठ्ठी लावून सगळं झालं. शेवटी काम केलं ते दुसऱ्या कात्रीने, चाळीस रुपयांची घेतली आणि स्वयंपाकघरात फ्रिजच्या हँडलला सुतळीने बांधून टाकली. माझी मशीनच्या झाकणाखाली असते. नवऱ्याला ती जागा अजून कळलेली नाही, तेव्हा हे त्याला वाचायला देऊ नका.